फोल्डर उघडला की कॉम्प्युटर हँग? आधी डावीकडची यादी बघा



"साइट चालत नाहीये, उद्या या." ऑनलाइन सेंटरच्या काउंटरवर हे वाक्य रोज कितीतरी वेळा बोललं जातं. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण काही वेळा साइट अगदी ठणठणीत असते आणि अडकलेला असतो तो आपलाच कॉम्प्युटर. फॉर्मला कागद जोडायला ‘चूज फाइल’ दाबलं, फोल्डरची खिडकी उघडायला गेली आणि तिथेच गोल गोल फिरत बसली. वर लिहिलेलं येतं ‘नॉट रिस्पॉन्डिंग’. समोरचा माणूस जातीच्या दाखल्यासाठी किंवा मुलीच्या शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी उधव्याहून, झरीहून तलासरीला आलेला असतो, दिवसाची मजुरी बुडवून. त्याला ‘उद्या या’ म्हणणं म्हणजे त्याची अजून एक मजुरी आणि अजून एकदा जाण्यायेण्याचं भाडं. तो उद्या येईलही, पण शेजारच्या सेंटरवर जाईल.

म्हणून आजचा विषय थोडा टेक्निकल आहे, पण थेट गल्ल्याशी जोडलेला आहे. फोल्डर उघडणारा प्रोग्रॅम, म्हणजे विंडोजमधला फाइल एक्सप्लोरर, सारखा का अडकतो किंवा बंद पडतो, आणि त्यात ‘पिन’ केलेल्या फोल्डरांचा आणि दुसऱ्या कॉम्प्युटरशी जोडलेल्या कनेक्शनचा हात किती असतो, ते बघू.

दुकान वाढतं, तिथून हे सुरू होतं

सुरुवातीला एकच कॉम्प्युटर असतो. सगळं त्यातच. मग काम वाढतं. काउंटरवर एक, आतमध्ये प्रिंटरजवळ दुसरा. डहाणूतल्या फोटो स्टुडिओत एकावर पासपोर्ट फोटो आणि दुसऱ्यावर लग्नाचे अल्बम. घोलवड-बोर्डी बाजूला चिकूची पावडर, चिप्स बनवणाऱ्यांकडे एकावर बिलं, दुसऱ्यावर लेबलची डिझाइनं. (घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यानंतर लेबल नीट असण्याला आणखी महत्त्व आलंय.) वारली चित्रांच्या ऑर्डरी घेणाऱ्या गटांकडे फोटोंचा मोठा साठा एका कॉम्प्युटरवर असतो आणि ग्राहकाला पाठवायचं काम दुसऱ्यावरून चालतं.

मग कोणीतरी ओळखीचा मुलगा येतो, राउटरला दोन्ही कॉम्प्युटर जोडतो, आतल्या कॉम्प्युटरचा फोल्डर ‘शेअर’ करतो आणि बाहेरच्या कॉम्प्युटरवर तो डावीकडच्या यादीत पिन करून देतो. एक क्लिक केलं की फोल्डर समोर. सोय उत्तम आहे. नंतर त्या यादीत भर पडत जाते. मोबाइलमधले फोटो घ्यायला फोनचं एफटीपी कनेक्शन, फ्लेक्स छापायला वापीच्या प्रेसने दिलेला सर्व्हरचा पत्ता, गूगल ड्राइव्ह, दोन वर्षांपूर्वी विकून टाकलेल्या जुन्या कॉम्प्युटरचा फोल्डर. तो शेवटचा कोणी काढतच नाही.

इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. पिन केलेला फोल्डर म्हणजे फोल्डर नव्हे. तो फक्त पत्ता आहे. चिठ्ठीवर लिहिलेला पत्ता. घर पडलं, माणूस गाव सोडून गेला, तरी चिठ्ठीवर पत्ता तसाच राहतो.

आतमध्ये नेमकं काय होतं?

तुम्ही फोल्डरची खिडकी उघडता तेव्हा एक्सप्लोरर फक्त तुम्ही मागितलेला फोल्डर दाखवत नाही. डावीकडची पूर्ण यादी, अलीकडे वापरलेल्या फाइली, त्यांची चिन्हं, सगळं मांडतो. त्यासाठी यादीतल्या पत्त्यांवर जाऊन चौकशी करतो: आहेस का? उघडता येशील का? पत्ता तुमच्याच हार्ड डिस्कवरचा असेल तर उत्तर लगेच येतं. पत्ता नेटवर्कवरचा असेल तर निरोप केबलमधून किंवा वाय-फायमधून तिकडे जातो आणि उत्तराची वाट बघितली जाते.

आता समजा आतला कॉम्प्युटर बंद आहे. मग ‘नाही’ असं उत्तरही येत नाही. नुसती शांतता. कासा-सायवनच्या पुढे रेंज नसलेल्या पाड्यात कोणाला फोन लावा, म्हणजे कळेल. समोरच्याने फोन कट केला तर आपण पाच सेकंदात दुसऱ्याला लावतो. पण काहीच ऐकू आलं नाही तर आपण कानाला फोन लावून उभेच. कॉम्प्युटरचंही तेच. ठरलेली मुदत संपेपर्यंत तो थांबतो, मग पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा थांबतो. असे तीन-चार मेलेले पत्ते यादीत असले की खिडकी अर्धा-एक मिनिट गोठते. आपण वैतागून दहा वेळा क्लिक करतो, म्हणजे त्याच्यावर आणखी दहा कामं टाकतो.

आणि हा एक्सप्लोरर म्हणजे फक्त फोल्डरची खिडकी नाही. खालची पट्टी, स्टार्ट बटण, डेस्कटॉपवरची चिन्हं हे सगळं तोच सांभाळतो. म्हणून तो पडला की पूर्ण स्क्रीन काळी होते आणि आपल्याला वाटतं की विंडोज उडाली. मग कोणीतरी ‘फॉरमॅट मारावा लागेल’ म्हणतो, आपण त्याचे पैसेही देतो, आणि फॉरमॅटनंतर तीच पिन पुन्हा बसवली जाते. आठ दिवसांत पुन्हा तेच.

सगळ्यात फसवी गोष्ट मात्र मी सुरुवातीला सांगितलेली. क्रोममध्ये ‘चूज फाइल’ दाबल्यावर, वर्डमध्ये ‘ओपन’ दाबल्यावर जी छोटी खिडकी येते, तीसुद्धा हीच डावीकडची यादी घेऊन येते. म्हणजे मेलेला पत्ता तिथेही नडतो. अडकलेला दिसतो क्रोम, शिव्या खाते सरकारी साइट, आणि दोषी असतो आपल्याच यादीतला जुना फोल्डर.

हँग आणि क्रॅश वेगळे

खिडकी गोठली, पांढरी पडली, पण अर्ध्या मिनिटाने पुन्हा शुद्धीवर आली, तर तो हँग. याचं कारण बहुतेक वेळा वर सांगितलेलं वाट बघणं. खिडकी पटकन गायब झाली, खालची पट्टी लुकलुकली आणि पुन्हा आली, तर तो क्रॅश. क्रॅशची कारणं थोडी वेगळी. पिनांची यादी विंडोज छोट्या फाइलींमध्ये साठवतं. लिहिता लिहिता वीज गेली तर ती फाइल अर्धवट राहते, आणि पुढच्या वेळी ती वाचताना एक्सप्लोरर कोसळू शकतो. दुसरं मोठं कारण म्हणजे राइट-क्लिकच्या मेनूत स्वतःला घुसवणारे बाहेरचे प्रोग्रॅम: झिप उघडणारे, ड्राइव्ह सिंक करणारे, फुकटचे पीडीएफवाले. ते चालतात एक्सप्लोररच्या पोटात, त्यामुळे त्यांचं पोट दुखलं की हा आडवा.

अंदाज बांधत बसू नका, विंडोजने नोंद ठेवलेली असते. स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ टाइप केलं की ‘रिलायबिलिटी हिस्टरी’ येते. तारखांचा तक्ता आणि ज्या दिवशी काही कोसळलं तिथे लाल फुली. अजून खोलात जायचं तर ‘इव्हेंट व्ह्यूअर’ मध्ये विंडोज लॉग्ज, त्यात ॲप्लिकेशन. तिथे क्रमांक १००० असेल तर क्रॅश, १००२ असेल तर हँग. १००० च्या नोंदीत ‘फॉल्टिंग मॉड्यूल’ म्हणून एक नाव असतं. ते एखाद्या बाहेरच्या प्रोग्रॅमचं निघालं तर तो प्रोग्रॅम काढून बघा. टेक्निशियनला बोलावलंत तरी हा पडदा आधी त्याला दाखवा. ‘फॉरमॅट’ शब्द बराच मागे पडतो.

समोर गिऱ्हाईक असताना काय करायचं

कॉम्प्युटरचं बटण दाबून बंद करू नका. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर येईल. यादीत ‘विंडोज एक्सप्लोरर’ शोधा, त्यावर राइट-क्लिक करून ‘रीस्टार्ट’. पट्टी जाऊन परत येईल. क्रोममध्ये भरलेला फॉर्म, वर्डमधलं पत्र सहसा जागच्या जागी राहतं. फक्त त्या वेळी काही कॉपी होत असेल तर ते तुटेल. चुकून ‘एंड टास्क’ झालं आणि स्क्रीन काळी झाली तरी घाबरू नका. टास्क मॅनेजरमध्येच ‘रन न्यू टास्क’ घ्या आणि इंग्रजीत ‘एक्सप्लोरर’ लिहून एंटर मारा.

आता खात्री करायची की दोष नेटवर्कचाच आहे. दोन मिनिटं केबल काढा किंवा वाय-फाय बंद करा आणि फोल्डर उघडा. झटकन उघडला तर चोर सापडला. नेटवर्कच नाही म्हटल्यावर कॉम्प्युटरला ‘नाही’ हे उत्तर लगेच मिळतं, म्हणून तो थांबत नाही. केबल काढूनही कोसळत असेल तर यादीची फाइल किंवा बाहेरचा प्रोग्रॅम, या दोघांकडे बघायचं.

केबल काढलेली आहे तोवरच साफसफाई करून घ्या. डावीकडच्या यादीतला दुसऱ्या कॉम्प्युटरचा, फोनचा, प्रेसचा प्रत्येक फोल्डर राइट-क्लिक करून ‘अनपिन’. याने फाइल डिलीट होत नाही, फक्त चिठ्ठी फाडली जाते. ‘झेड’ वगैरे अक्षर देऊन जोडलेली ड्राइव्ह असेल, तिच्यावर लाल फुली असेल आणि ती लागत नसेल, तर ‘डिसकनेक्ट’. मग कंट्रोल पॅनेलमधून ‘फाइल एक्सप्लोरर ऑप्शन्स’ उघडा. ‘ओपन फाइल एक्सप्लोरर टू’ इथे ‘धिस पीसी’ निवडा, खालच्या अलीकडच्या फाइली आणि नेहमीचे फोल्डर दाखवण्याच्या खुणा काढा आणि ‘क्लिअर’ दाबा. ‘क्लिअर’ने फक्त अलीकडचं पुसलं जातं, स्वतः पिन केलेलं राहतं. म्हणून अनपिन वेगळं करायलाच लागतं. त्याच खिडकीच्या ‘व्ह्यू’ भागात ‘लाँच फोल्डर विंडोज इन अ सेपरेट प्रोसेस’ अशी ओळ आहे, तिथे खूण करा. मग फोल्डरची खिडकी पडली तरी खालची पट्टी आणि डेस्कटॉप वाचण्याची शक्यता वाढते. याने कॉम्प्युटर किंचित जड होतो, पण माझ्या मते दुकानासाठी हा सौदा चांगला.

इतकं करूनही क्रॅश चालूच असेल तर यादीची फाइलच बिघडलेली असू शकते. विंडोजच्या ‘रिसेंट’ फोल्डरात ‘ऑटोमॅटिक डेस्टिनेशन्स’ नावाचा लपलेला फोल्डर असतो, त्यातल्या फाइली काढल्या की विंडोज नवी कोरी यादी बनवतं. सगळे पिन जातील, तुमचा एकही कागद जाणार नाही. हाताला सवय नसेल तर हे एवढंच काम जाणकाराकडून करून घ्या.

हिशेब करा. खिडकी प्रत्येक वेळी ४० सेकंद अडकते आणि दिवसातून ६० वेळा उघडावी लागते, तर रोज ४० मिनिटं गेली. तेवढ्यात किती फॉर्म होतात ते तुमचं तुम्हाला माहीत.

काल चालत होतं, आज का नाही?

हा प्रश्न मला प्रशिक्षणात सगळ्यात जास्त विचारला जातो. आपल्या भागात याचं पहिलं उत्तर आहे वीज. डहाणूच्या खाडीजवळ ५०० मेगावॅटचं औष्णिक केंद्र उभं आहे, त्याची वीज जाते मुंबईला, आणि आपल्याकडे पावसाळ्यात लाइट कधी जाईल सांगता येत नाही. असो. लाइट गेली की राउटर बंद पडतो. परत सुरू झाल्यावर तो प्रत्येक यंत्राला नव्याने नंबर वाटतो. काही साधे राउटर आधीचं वाटप विसरूनच जातात. सकाळी आतल्या कॉम्प्युटरला १९२.१६८.१.७ होता, दुपारी तोच नंबर कुठल्यातरी गिऱ्हाइकाच्या मोबाइलला गेला. तुमची पिन अजून सातवर जाऊन दार ठोठावतेय. मोबाइल काय उत्तर देणार?

उपाय दोन, आणि दोन्ही स्वस्त. राउटरच्या सेटिंगमध्ये ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ असतं. तिथे आतल्या कॉम्प्युटरचा नंबर कायमचा बांधून टाका. आणि राउटरला स्वतःचा छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावा, असे मिळतात. घेण्याआधी तुमच्या राउटरच्या ॲडॉप्टरवर किती व्होल्ट लिहिलंय ते बघा. त्याबरोबर एक सवय: दुकान उघडल्यावर आधी आतला कॉम्प्युटर चालू करायचा, तो पूर्ण सुरू झाला की मग बाहेरचा. उलटं केलं की बाहेरच्याला समोर कोणीच भेटत नाही आणि तो लाल फुली मारून बसतो.

दुसरं उत्तर विंडोजचे अपडेट. पासवर्ड न देता ‘गेस्ट’ म्हणून शेअर फोल्डरात शिरण्याची जुनी पद्धत विंडोज ११ च्या २०२४ मधल्या मोठ्या अपडेटनंतर प्रो आवृत्तीत मुळातच बंद असते. म्हणून आतल्या कॉम्प्युटरवर दुकानासाठी एक वेगळं खातं काढा, त्याला पासवर्ड द्या आणि बाहेरच्या कॉम्प्युटरवर एकदाच तो साठवून ठेवा. लोकांची आधार कार्डं, दाखले त्या फोल्डरात असतात. ते ‘एव्हरीवन’ ला उघडं ठेवणं तसंही बरोबर नाही.

यावर इंटरनेटवर एक सल्ला फिरतो: ‘एसएमबी एक’ चालू करा, सगळं लागेल. करू नका. फाइल शेअरिंगची ती जुनी पद्धत २०१७ मध्ये वॉनाक्राय व्हायरसने जगभर कॉम्प्युटर कुलूपबंद करायला वापरली, आणि त्याच वर्षीपासून नव्या विंडोजमध्ये ती मुळातच बंद येते. एखादा जुना प्रिंटर-स्कॅनर त्याशिवाय चालत नसेल तर स्कॅन पेन ड्राइव्हवर घ्या, पण ते दार उघडू नका.

फोन, प्रेस आणि ड्राइव्ह

फोनमधले फोटो एफटीपीने घेण्याची पद्धत बऱ्याच स्टुडिओंत आहे. फोनवर एक पत्ता येतो, तो एक्सप्लोररमध्ये टाकायचा. घाईत ठीक आहे. पण तो पत्ता पिन करू नका. फोनची स्क्रीन बंद झाली किंवा गिऱ्हाईक फोन घेऊन निघून गेलं की तो पत्ता मेलाच. प्रेसला फ्लेक्सची मोठी फाइल पाठवायचं काम तर एक्सप्लोररमधून करूच नये. त्यासाठी फाइलझिला नावाचा मोफत प्रोग्रॅम आहे. पत्ता आणि खातं त्याच्या ‘साइट मॅनेजर’मध्ये ठेवता येतं, मध्येच नेट गेलं तर सर्व्हर साथ देत असेल तेव्हा राहिलेलं तिथून पुढे पाठवता येतं, आणि तो अडकला तरी एकटा अडकतो. दुकानाची बाकी कामं थांबत नाहीत.

गूगल ड्राइव्ह कॉम्प्युटरवर लावलं असेल तर त्यात दोन प्रकार आहेत. ‘स्ट्रीम’मध्ये फाइली वर ढगात असतात आणि लागतील तेव्हा खाली येतात. ‘मिरर’मध्ये पूर्ण प्रत तुमच्या डिस्कवर राहते. नेट भरवशाचं नसलेल्या ठिकाणी मी ‘मिरर’च सांगतो, डिस्कवर जागा असेल तर.

आणि शेअर फोल्डरातली फाइल तिथल्या तिथे उघडून काम करू नका. शंभर लेअरची अल्बमची फाइल नेटवर्कवरून उघडून दोन तास काम केलं आणि सेव्ह करताना आतला कॉम्प्युटर बंद पडला, तर लग्नवाल्यांना काय सांगणार? आधी आपल्या डिस्कवर कॉपी, तिथे काम, पूर्ण झालं की परत आत. थोडं जास्तीचं काम आहे, पण याला पर्याय नाही.

पिन म्हणजे पत्ता, हे आता लक्षात आलं असेल तर पुढचं सांगायला नको: दोन कॉम्प्युटरवर फोल्डर ‘दिसतो’ म्हणजे दोन प्रती आहेत असं नाही. प्रत एकच आहे, आतल्या डिस्कवर. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी-तलासरी पट्ट्यात भूकंपाचे धक्के किती बसलेत ते आपण सगळ्यांनी अनुभवलंय. आतला कॉम्प्युटर फळीवर उंच ठेवू नका, आणि आठवड्यातून एकदा बाहेरच्या हार्ड डिस्कवर पूर्ण प्रत घेऊन ती डिस्क घरी न्या.

जुना कॉम्प्युटर असेल तर

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. जुन्या यंत्रांवर ११ बसत नाही, म्हणून काही जण लिनक्स मिंटकडे वळतायत. त्यात फोल्डर उघडणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव नेमो. दुखणं तिथेही हेच होऊ शकतं: बंद पडलेल्या सर्व्हरचा बुकमार्क आणि गोठलेली खिडकी. पण औषध सोपं आहे. तिथे सगळे बुकमार्क एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असतात. तुमच्या होम फोल्डरातल्या लपलेल्या ‘.कॉन्फिग’ फोल्डरात ‘जीटीके-३.०’ आणि त्यात ‘बुकमार्क्स’ नावाची फाइल. लपलेले फोल्डर दिसण्यासाठी कंट्रोल आणि एच दाबा. एका ओळीत एक पत्ता. नेटवर्कच्या पत्त्याची ओळ ‘एसएमबी’, ‘एसएफटीपी’ किंवा ‘एफटीपी’ या इंग्रजी अक्षरांनी सुरू होते, स्वतःच्या डिस्कवरची ‘फाइल’ या शब्दाने. आधी त्या फाइलची एक प्रत बाजूला ठेवा, मेलेल्या पत्त्याची ओळ पुसा, सेव्ह करा आणि लॉगआउट होऊन परत आत या.